आधी व्हर्नियर हातात द्या, व्याख्या नंतर विचारा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या करिअर पुरवणीत 'क्वालिटी कंट्रोल'च्या नोकरीसाठी मुलाखतीत विचारले जाणारे प्रश्न उत्तरांसकट छापून आले होते. त्यानंतरच्या शनिवारी आमच्याकडे मुलाखती होत्या आणि मला ती पुरवणी जवळजवळ पूर्ण ऐकायला मिळाली. एक मुलगा उठून दुसरा बसला की पुन्हा तेच, 'गुणवत्ता म्हणजे ग्राहकाच्या अपेक्षांची पूर्तता.' चौथ्याने तर ज्या ठिकाणी स्वल्पविराम होता त्या ठिकाणी श्वाससुद्धा घेतला. मुलं हुशार होती, घरून निघताना देवाला नमस्कार करून आली असणार, आणि तरी आम्हाला त्यातल्या बहुतेकांना परत पाठवावं लागलं. म्हणून हे पत्र.

मी कळव्याला राहते आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका मशीनिंगच्या कारखान्यात इन्स्पेक्शन विभाग सांभाळते. बुश (आतून भोक असलेली धातूची नळी), पिन, छोटी हाउसिंग, व्हॉल्व्हचे भाग असलं आमचं काम. आयटीआयनंतर ॲप्रेंटिस म्हणून वागळे इस्टेटमध्ये लागले, तेव्हा शॉपवर बाई म्हणजे मी एकटीच. आता मुलाखतीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते. त्यामुळे 'समोरचा नेमकं काय बघत असतो' हे सांगायचा थोडा अधिकार आहे असं धरून चालते.

पुरवणीतली यादी चुकीची नाही. क्यूए (गुणवत्तेची हमी देणारी पद्धत) आणि क्यूसी (तयार मालाची तपासणी) यांतला फरक, सात क्यूसी टूल्स म्हणजे आकडे मांडून बघायच्या सात रीती, आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक, सगळं विचारतात खरंच. पण आम्हाला माणूस हवा असतो तो जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला भाग, हातात घेऊन निर्णय देणारा, आणि व्याख्येवरून ते कळत नाही. म्हणून मी टेबलावर एक स्टीलचा बुश, त्याचं ड्रॉइंग आणि एक व्हर्नियर (जबड्यांत धरून माप घ्यायची सरकती पट्टी) ठेवते आणि एवढंच म्हणते, "हा पास की फेल, सांग."

मुलगा व्हर्नियरला हात लावतो तेव्हाच त्याची मुलाखत सुरू होते. जबडे पुसले का? मिटवून शून्य शून्यावर येतंय का पाहिलं? बुशच्या कडेची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर, बोटाने चाचपली? ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर वाचला? यातलं काही मी विचारत नाही, नुसती बघत बसते. ज्याने कधी खरोखर मोजलंय त्याचा अंगठा आपोआप योग्य जागी जातो. ज्याने फक्त वाचलंय तो व्हर्नियर पेनासारखा धरतो.

पुढचा भाग मला स्वतःला फार आवडतो. त्या बुशच्या आतल्या व्यासाला ड्रॉइंगवर '२५ एच ७' लिहिलेलं आहे. म्हणजे भोक २५.००० पासून २५.०२१ मिलिमीटरपर्यंत चालेल. एकूण सूट, म्हणजे टॉलरन्स, २१ मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आणि हातात दिलेल्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन. ज्याची एक रेघच जवळजवळ सगळ्या टॉलरन्सएवढी, त्याने पास-फेल ठरवायचं कसं? मोजायचं साधन टॉलरन्सच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत वाचणारं असावं असा आमच्याकडे जुना दंडक आहे. त्या हिशेबाने इथे दोन मायक्रॉनपर्यंत वाचणारं काहीतरी लागेल. भोकाचा व्यास मोजणारं बोअर गेज मागा, नाहीतर भोकात घालून बघायचं दोन टोकांचं प्लग गेज सरळ मागा. माझ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे, "मॅडम, याने हे सांगता येणार नाही." बहुतेक मुलं मात्र २५.०२ असं वाचून खुशाल 'पास' सांगतात. मुलाखतीत दिलेली वस्तू चुकीची असू शकते हे त्यांच्या मनातच येत नाही. शाळेपासून आपण त्यांना हेच शिकवलं आहे की वरच्याने दिलेला प्रश्न बरोबरच असतो.

प्लग गेज मागणाऱ्याला मी पुढे नेते. गो बाजू २५.००० ची, ती भोकात गेली पाहिजे. नो-गो बाजू २५.०२१ ची, ती जाता कामा नये. एवढं सगळे सांगतात. मग विचारते, "गो गेलं नाही आणि नो-गो गेलं, यातली कुठली बातमी सुपरवायझरला आधी सांगशील?" गो अडकलं तर भोक लहान आहे, पुन्हा मशीनवर चढवून बोअर करता येईल. नो-गो आत गेलं तर भोक मोठं झालं, आणि काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. तो जॉब बहुधा भंगारात. बाहेरचा व्यास असेल तर हिशेब बरोबर उलटा. हे ज्याला न अडखळता सांगता आलं त्याला रिवर्क आणि स्क्रॅप यांच्या व्याख्या मी विचारत नाही.

इथे एक ऐकीव पण खरी गोष्ट सांगते. याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलेल्या एका मुलाने समोर ठेवलेलं मायक्रोमीटर उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "सर, याच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेलीय." म्हणजे साधन स्वतः बरोबर मोजतंय का हे तपासायची मुदत संपलीय; ती तारीख साधनावरच्या स्टिकरवर असते. पॅनेलवरच्या साहेबांना ते लागलं. मुलगा उद्धट आहे म्हणून त्याला घेतलं नाही. त्या साहेबांना माझं सांगणं, ऑडिटर हेच बोलला असता तर तुम्ही त्याला चहा पाजला असता. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.५ हे कलम आहेच मोजमापाच्या साधनांसाठी. कलमाचा आकडा मुलांना पाठ नसला तरी हरकत नाही. स्टिकर बघायची सवय मात्र हवी.

आणखी एक प्रश्न मी मुद्दाम उन्हाळ्यात विचारते. लांबीच्या मापनासाठी जगभर संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस धरलेलं आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्या पत्र्याच्या शेडखाली ३५ च्या वर पारा असतो, आणि मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब त्याहून गरम. स्टीलचा एक मीटर तुकडा एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतो. म्हणजे १०० मिलिमीटरची पिन २० ऐवजी ३२ अंशांवर असेल तर जवळजवळ १४ मायक्रॉन मोठी दिसणार. टॉलरन्सच २० मायक्रॉनची असेल तर चांगला जॉब फेल किंवा वाईट जॉब पास व्हायला एवढं पुरे. ॲल्युमिनियम तर याच्या दुप्पट पसरतं. ऑपरेटर घाई करत असतो, "मॅडम, गरम गरम बघून सांगा ना." त्याला सांगावं लागतं की बाबा, ही भजी नव्हेत. सरफेस प्लेटवर जॉब आणि गेज शेजारी शेजारी थोडा वेळ ठेवायचे, दोघांचं तापमान एक होऊ द्यायचं, मग मोजायचं. एसी रूम नसलेल्या छोट्या कारखान्यात एवढं तरी करता येतंच.

सात क्यूसी टूल्सबद्दल एक तक्रार आहे. नावं सगळ्यांना येतात. कारण-परिणामाची माशाच्या काट्यासारखी आकृती इशिकावांची, पॅरेटोचा ८०-२० चा नियम, आणि कंट्रोल चार्ट (मापं ओळीने मांडून मशीन सरकतंय का बघायचा आलेख) वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असताना मांडला, इथपर्यंत काही जण सांगतात. छान वाटतं. मग मी कागदावर एक चार्ट काढते. मधली रेघ, वरची मर्यादा, खालची मर्यादा, आणि सात बिंदू सलग मधल्या रेघेच्या वर. एकही मर्यादेबाहेर नाही. "काय करशील?" उत्तर येतं, "सगळे आत आहेत, चालू ठेवीन." इथे तो चार्ट लावल्याचा सगळा उपयोग संपला. सात बिंदू एकाच बाजूला पडणं म्हणजे काहीतरी सरकलं आहे. इन्सर्ट (कापणारं पातं) झिजला असेल, नवीन बारचा लॉट लागला असेल, शिफ्ट बदलताना कोणी ऑफसेट (मशीनमधलं मापाचं सेटिंग) हलवला असेल. जॉब अजून खराब झालेला नाही, तेवढ्यात जाऊन बघायचं. त्याहून मोठा गोंधळ म्हणजे चार्टवरची मर्यादा आणि ड्रॉइंगवरची मर्यादा एकच समजणं. ड्रॉइंगची मर्यादा गिऱ्हाईक ठरवतं. चार्टची मर्यादा तुमच्या मशीनच्या स्वतःच्या रीडिंगांवरून निघते. त्या दोन्ही एकाच चार्टवर काढू नयेत असं आम्हाला आमचे जुने साहेब शिकवत, आणि ते बरोबरच होतं.

सीपी (मापांचा पसारा टॉलरन्समध्ये किती सहज मावतो त्याचा आकडा) आणि सीपीके (तो पसारा मधोमध आहे का हेही धरणारा आकडा) यांचं सूत्र मी विचारत नाही, ते मोबाईलमध्ये सापडतं. मी आकडे देते. सीपी १.६७, सीपीके ०.८. मशीन वाईट आहे का? मशीन वाईट नाही. पसारा आटोक्यात आहे, फक्त सेटिंग एका बाजूला गेलंय. ऑफसेट मधोमध आणला की काम झालं. दोन्ही आकडे ०.८ असते तर मात्र नुसत्या ऑफसेटने भागलं नसतं, मशीनकडे, फिक्श्चरकडे, पद्धतीकडे बघावं लागलं असतं. गिऱ्हाईक सहसा १.३३ च्या वर सीपीके मागतं एवढं ध्यानात ठेवलं तर बास.

आता दबावाचा प्रश्न. तो कुठल्याही यादीत नसतो आणि नोकरीत मात्र रोज येतो. संध्याकाळ झालीय, टेम्पो गेटवर उभा आहे, ५०० नगांचा लॉट जायचाय. लॉटमधून किती नग तपासायचे ते सांगणाऱ्या आयएस २५०० या भारतीय मानकाच्या तक्त्याप्रमाणे, सर्वसाधारण तपासणी पातळी दोन आणि एक्यूएल (चालवून घ्यायच्या दोषांची टक्केवारी) १.० धरून, तुम्ही ५० नग काढले. एक खराब निघाला तर लॉट घ्यायचा, दोन निघाले तर नाकारायचा. तुमचे दोन निघाले. प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात, "अरे, योगायोग असेल. दुसरे पन्नास काढून बघ." काय करशील?

काही मुलं छाती काढून म्हणतात, "मी लॉट जाऊच देणार नाही!" काही म्हणतात, "सर सांगतील तसं." पहिला पहिल्या महिन्यात भांडून नोकरी सोडतो, दुसरा पहिल्या महिन्यात कुठल्याही कागदावर सही करतो. शहापूरहून आलेल्या एका मुलीने दिलेलं उत्तर मला अजून आठवतं. ती म्हणाली, "दुसरे पन्नास काढले आणि ते चांगले निघाले तरी पहिले दोन खराब आहेतच ना? पास होईपर्यंत काढत राहायचं असेल तर मग तक्ता कशाला? लॉटला लाल टॅग लावीन, बाजूला ठेवीन, काय सापडलं ते लिहून सरांना देईन. सगळे ५०० निवडून काढायला किती माणसं आणि किती वेळ लागेल ते सांगीन. तसाच पाठवायचा असेल तर गिऱ्हाईकाकडून लेखी परवानगी मागवा, माझ्या सहीवर नको." आवाज शांत, आणि 'सर' म्हणायला ती एकदाही विसरली नाही. तिने शूहार्टचं नाव ऐकलं नव्हतं. आम्ही तिला घेतलं.

याला जोडूनच, 'ऑपरेटरची चूक' हे मूळ कारण म्हणून सांगणाऱ्यांना मी तिथेच थांबवते. आमच्याकडे एका मशीनवर सकाळच्या पहिल्या काही जॉबांचं माप रोज सरकलेलं निघायचं आणि रिपोर्टात रोज ऑपरेटरचं दुर्लक्ष असं लिहिलं जायचं. का, का, का करत मागे गेलं तेव्हा कळलं की स्पिंडल थंड असताना लगेच कटिंग सुरू होतंय, कारण वॉर्म-अपला शिफ्टच्या वेळापत्रकात जागाच ठेवलेली नाही. ऑपरेटर बदलून काहीही झालं नसतं. पाच वेळा 'का' विचारायची ही पद्धत टोयोटाची म्हणून सगळे सांगतात. तिसऱ्या 'का'लाच आपण एखाद्या माणसाच्या नावावर येऊन थांबतो, हे सांगत नाहीत.

नवीन मुलं म्हणतील, आम्हाला अनुभवच नाही, हे सगळं आणायचं कुठून? ॲप्रेंटिसशिप मिळाली तर उत्तमच. मिळेपर्यंत एक करता येतं. एक साधं व्हर्नियर विकत घ्या किंवा आयटीआयतल्या मित्राकडून मागून आणा. जांभळी नाक्याच्या बाजूला एखाद्या हार्डवेअरच्या दुकानातून एम ८ चे पंचवीस बोल्ट घ्या. त्यांच्या डोक्याला १३ चा पाना लागतो, तेव्हा समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर मोजा आणि वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी आदली पानं न बघता पुन्हा मोजा. मग भावाला किंवा बहिणीला मोजायला द्या. तुमचे आणि त्यांचे आकडे जुळणार नाहीत, तुमचे स्वतःचेही सगळे जुळणार नाहीत. फरक बोल्टमध्ये किती आणि मोजणाऱ्यात किती, हे शोधणं म्हणजेच ते 'गेज आर अँड आर', ज्याची नुसती व्याख्या पाठ करून तुम्ही येता. त्या आकड्यांचा हिस्टोग्राम काढा. ती वही घेऊन मुलाखतीला या. माझ्यासमोर अशी वही कोणी ठेवली तर बाकीचे प्रश्न मी त्या वहीतूनच विचारीन.

एक कागद लिहायचाही सराव करा. नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट, म्हणजे माल मापात बसला नाही याची नोंद, सहा ओळींचा असतो. काय हवं होतं, काय मिळालं, कितीपैकी किती, कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला, आता माल कुठे ठेवलाय. तो बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत लिहावा लागतो, तेवढं इंग्रजी शिकून घ्याच. पण मुलाखत घेणाऱ्यांना हात जोडून विनंती, की तोंडी प्रश्न मराठीत विचारले तर आभाळ कोसळत नाही. शॉपवर तुम्ही स्वतः दिवसभर मराठी-हिंदीतच ओरडत असता. मुरबाडच्या आयटीआयतून आलेल्या मुलाला प्लग गेज वापरता येतं की नाही हे जाणून घ्यायचंय की त्याचं इंग्रजी, हे आधी ठरवा. 'पाच वर्षांनंतर स्वतःला कुठे बघता' हा प्रश्नही आता बंद करा. पंधरा हजारांच्या कंत्राटी नोकरीला आलेला मुलगा त्याचं खरं उत्तर देऊ शकत नाही, आणि खोटं तुम्हाला ऐकायचं कशाला?

मुलींना विचारतात, "लग्न कधी?" हा प्रश्न क्वालिटी कंट्रोलच्या कुठल्या टूलमध्ये बसतो ते मला अजून समजलेलं नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या किती कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आल्यात हे ट्रान्स-हार्बर लोकलच्या खिडकीतून रोज दिसतं. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झालं, त्याने कामगारांची पायपीट वाचली, पण त्याच स्टेशनवर उतरून आयटी पार्कात जाणारे जास्त आणि कारखान्यात जाणारे कमी. तरी सुटे भाग बनवणारी लहान-मोठी युनिट्स अजून पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाला दोन-तीन चांगले इन्स्पेक्टर कायम हवेच असतात. माणसं मिळत नाहीत म्हणून मालक रडतात, नोकरी मिळत नाही म्हणून मुलं. मध्ये उभी आहे ती प्रश्नोत्तरांची यादी.

तेव्हा संपादक महोदय, पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा निदान एक ड्रॉइंग आणि व्हर्नियरच्या पट्टीचं एक चित्र छापा, आणि खाली उत्तर देऊ नका. आणि परिसरातल्या कारखानदारांनी महिन्यातून एखाद्या शनिवारी दुपारनंतर आपली इन्स्पेक्शन रूम आयटीआयच्या मुलांसाठी उघडी ठेवावी. खर्च शून्य आहे. दहा जुने रिजेक्ट जॉब, चार गेज आणि एक माणूस पुरतो. आमच्या मालकांना मी विचारलं, ते हो म्हणाले आहेत. येणाऱ्यांनी फक्त बूट घालून यावं, चपलेवर सिक्युरिटी आत सोडत नाही.

आपली नम्र वाचक,
एक इन्स्पेक्शन इन-चार्ज, कळवा (ठाणे)
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)